माझ्या रक्ताच्या ओळखीचा माणूस

गेल्या महिन्यात तपासणीसाठी गेले तेव्हा डायलिसिसच्या खोलीत डोकावले. जुन्या सिस्टर भेटतात म्हणून मी दर वेळी डोकावते. माझ्या जुन्या बेडवर एक नवीन बाई होती. तिच्या नवऱ्याची किडनी तिला चालणार नाही असं तिला आदल्याच दिवशी कळलं होतं, आणि ती रडत रडत सिस्टरना परत परत विचारत होती, "त्यांनी काही लपवलं असेल का हो? त्यांच्या अंगात काही रोग असेल का?"

मी तिच्याजवळ बसले आणि जे समजायला मला चार महिने लागले ते तिला जमेल तसं सांगितलं. ती रडायची थांबली. सिस्टर म्हणाल्या, "सविताबेन, हे लिहून काढा. आम्ही सगळ्यांना वाचायला देऊ." म्हणून हे लिहिते आहे. मी काही लेखिका नाही. बारावी झालेली आहे, आणि अक्षर बरं आहे, इतकंच.

आधीची मी

माझं वय आता त्रेचाळीस. सुरतच्या लिंबायतमध्ये राहते. माहेर आणि सासर दोन्ही मूळची धुळे जिल्ह्यातली, पण माझा जन्म सुरतचाच. वडील पॉवरलूमवर होते. मी टेक्स्टाइल मार्केटमध्ये एका व्यापाऱ्याकडे साड्या तपासायचं काम करायचे. छापून आलेला गठ्ठा उघडायचा, एकेक साडी पसरायची, डाग पडलेली, छपाई हललेली, रंग चुकलेली साडी बाजूला काढायची. चौदा वर्षं मी लोकांच्या चुका शोधत होते आणि त्या कामात माझा हात कोणी धरू शकत नसे.

माझे मिस्टर भास्कर रिक्षा चालवतात. घरात मी त्यांना नावाने हाक मारत नाही, पण लिहिताना नाव लागतंच. मुलगी ऋतुजा आणि मुलगा ओम. आजार आला तेव्हा ऋतुजा सतरा वर्षांची, बारावीला, आणि ओम तेरा वर्षांचा होता. दोघांच्या मध्ये एकदा चौथ्या महिन्यात माझं पोट पडलं होतं. घरात आम्ही अहिराणी बोलतो, मुलं शाळेत गुजराती बोलतात आणि भांडताना हिंदी.

डबा

सुरुवात अगदी साधी होती. सकाळी उठलं की डोळ्यांखाली सूज. चपलेचा पट्टा पायात रुतायचा. फोडणीचा वास आला की मळमळ. मी ॲसिडिटी समजून मेडिकलमधून गोळ्या आणून खात होते. एक दिवस मार्केटचा जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर खालीच बसले. शेजारची बाई म्हणाली, "ओठ पांढरे झालेत तुझे."

गल्लीतल्या डॉक्टरांनी प्रेशर मोजलं. मग काही न बोलता दुसऱ्या हातावर परत मोजलं. रक्त तपासायला पाठवलं, आणि रिपोर्ट बघून मोठ्या हॉस्पिटलात. तिथे मी एकटीच गेले. कामाचा अर्धा दिवस टाकायचा, रिपोर्ट दाखवायचा आणि परत जायचं, असा माझा हिशेब होता. पिशवीत डबा होता.

किडनीच्या डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद बघितला आणि विचारलं, "बेन, साथे कोण आव्युं छे?"

"कोणी नाही. एकटीच आलेय."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बन्ने किडनी सुकाई गई छे." दोन्ही किडन्या सुकल्या आहेत. का, ते आता सांगता येणार नाही. बहुतेक वर्षानुवर्षं प्रेशर वाढलेलं असणार आणि कोणी मोजलं नसणार. डायलिसिस लगेच सुरू करावं लागेल, आणि पुढे दुसरी किडनी.

मी "बरं" म्हटलं आणि खाली आले. बाकावर बसले. आता काय करायचं हे कळेना, म्हणून डबा उघडला आणि मेथीची भाजी आणि दोन भाकरी पूर्ण खाल्ल्या. महिनाभर अन्न जात नव्हतं, आणि त्या दिवशी शेवटचा घाससुद्धा सोडला नाही. आजही ते आठवलं की लाज वाटते आणि हसूही येतं. डबा धुऊन ठेवला आणि मग भास्करांना फोन केला. ते पॅसेंजरला मध्येच उतरवून आले.

चार तास

आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. डाव्या हाताची नस जोडून जाड केलेली असते, तिथे दोन सुया. हात लावला तर आत पुरपुर लागते. पहिल्या महिन्यात मी त्या हाताकडे बघत नसे. नंतर सवय झाली. माणसाला कशाची सवय होते याचं मला तिथे फार आश्चर्य वाटायचं.

सगळ्यात अवघड होतं पाणी. दिवसाला मोजून एक लिटर, त्यातच चहा, त्यातच वरण. सुरतच्या मे महिन्यात. माझ्या पलीकडच्या बेडवर कतारगामचे एक काका असायचे, हिऱ्याच्या कारखान्यात घासकाम करून निवृत्त झालेले. ते डोळे मिटून सांगायचे, "आज उसाचा रस पितोय. लिंबू पिळलंय. बर्फ जरा जास्त आहे." आणि आम्ही सगळे गप्प बसून ऐकायचो. कधी कधी सिस्टर बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवायला द्यायच्या. तेवढ्यानेही तो दिवस बरा जायचा.

घरी ऋतुजा स्वयंपाक करू लागली. पुस्तक ओट्यावर उघडं ठेवून पोळ्या लाटायची, पुस्तकावर पीठ पडायचं. ओम मला काहीच विचारत नसे. फक्त मी डायलिसिसहून आले की माझी चप्पल उचलून जागेवर ठेवायचा.

कोण देणार

किडनी जवळच्या नात्यातल्याची चालते. पहिली पुढे आली ती माझी आई. तिची साखर इतकी वाढलेली निघाली की डॉक्टरांनी पहिल्याच तपासणीत नाही म्हटलं. ती दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली. साखर जणू तिने मुद्दाम वाढवली होती, अशी ती माझी माफी मागत होती.

दुसरी माझी थोरली बहीण, विजूताई. ती सुरतजवळ चलथाणला असते. भाऊजी तिथल्या साखर कारखान्यात आहेत. तिने फोनवरच सांगून टाकलं, "मी देसू. कसाले ईचार करस?" मी देते, विचार कसला करतेस. पण भाऊजी त्यावर काही बोलले नव्हते, आणि त्यांचं न बोलणं आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

भास्करही बोलत नव्हते. माझा आणि त्यांचा रक्तगट एकच आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं. मला डायलिसिसला सोडायचे, न्यायला यायचे, माझं पाणी मोजून बाटलीत भरायचे. फक्त त्या एका गोष्टीवर बोलत नव्हते, आणि मी विचारत नव्हते. असं काही माणसाकडे मागता येत नाही. पण मनात मी रोज वाट बघत होते, आणि वाट बघते आहे याचा मला रागही यायचा.

अडीच महिन्यांनी एका दुपारी, दवाखान्यातून घरी जाताना सिग्नलला रिक्षा थांबली. ते समोर बघतच म्हणाले, "मी देतो. उद्या विचारून घेऊ काय काय तपासायचं ते."

मी मागे बसून "हं" म्हटलं. सिग्नल सुटला. इतकंच झालं.

पॉझिटिव्ह

त्यांच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या. शेवटची राहिली ती क्रॉसमॅच. माझ्या रक्तातलं पाणी आणि त्यांच्या रक्तातल्या पेशी काचेत एकत्र ठेवून काय होतं ते बघतात. लॅबमधून भास्करांना फोन आला: "क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आहे. उद्या डॉक्टरांना भेटा."

पॉझिटिव्ह म्हटल्यावर त्यांना काय वाटणार? पेढे घेऊन घरी आले. आईला फोन, ताईला फोन, शेजारच्यांना पेढे. मला दूध-खवा मना होता, तरी त्यांनी एका पेढ्याचा चतकोर माझ्या तोंडात घातला. तीन महिन्यांत पहिल्यांदा घरात मोठ्याने बोलणं चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आमचे चेहरे बघितले आणि त्यांच्या लक्षात आलं. "भास्करभाई," ते म्हणाले, "या तपासणीत पॉझिटिव्ह म्हणजे नाही."

माझ्या रक्ताने काचेत त्यांच्या पेशी मारल्या होत्या. किडनी बसवली असती तर तिचंही तेच झालं असतं, कदाचित टेबलावरच. माझ्या रक्तात भास्करांच्या विरुद्ध लढणाऱ्या अँटिबॉडी आधीपासून तयार होत्या.

"माझ्या विरुद्ध?" भास्कर म्हणाले. "मी हिला कधी रक्तसुद्धा दिलं नाही. तिच्या रक्ताला मी कसा माहीत?"

"तुमची ओळख मुलांनी करून दिली," डॉक्टर म्हणाले.

त्यांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहिते. आपल्या प्रत्येक पेशीवर बारीक बारीक ताटल्या असतात. पेशीच्या आत जे काही चाललंय त्याचे नमुने पेशी त्या ताटल्यांवर बाहेर मांडते. अंगातले पहारेकरी येऊन बघून जातात, की सगळं घरचंच आहे की कोणी जंतू आत शिरलाय. या ताटल्यांचा आकार माणसामाणसात वेगळा असतो. अर्धा आईकडून येतो, अर्धा बापाकडून. माझ्या पोटात मूल होतं तेव्हा त्याच्या ताटल्या निम्म्या माझ्यासारख्या आणि निम्म्या भास्करांसारख्या. बाळाच्या थोड्या पेशी आईच्या रक्तात येतात, बाळंतपणात तर जास्तच. पोट पडलं तेव्हाही आल्या असतील. माझ्या पहारेकऱ्यांनी तो परका आकार बघितला आणि लक्षात ठेवला. तीन वेळा. प्रत्येकच बाईच्या बाबतीत असं होत नाही, हे मात्र नीट लक्षात ठेवा. पुष्कळ जणींना नवऱ्याची किडनी चालते. आणि काही ठिकाणी औषधांनी या अँटिबॉडी कमी करूनही पुढे जातात, पण माझ्यात त्या फार जास्त होत्या.

खाली आल्यावर भास्कर रिक्षाला किल्ली लावून तसेच बसले. "म्हणजे वीस वर्षं तुझं रक्त माझ्यावर डूख धरून होतं," ते म्हणाले. मला हसू आलं. त्यांना आलं नाही.

आमच्यामुळे?

संध्याकाळी मी आईला फोनवर हे सांगत होते. ऋतुजा आत पोळ्या करत होती. तवा उतरवल्याचा आवाज आला आणि ती दारात येऊन उभी राहिली. हातात लाटणं तसंच.

"म्हणजे आमच्यामुळे?" तिने विचारलं. "मी आणि ओम झालो नसतो तर पप्पांची किडनी चालली असती?"

मी म्हटलं, "गप्प बस, काहीतरी बडबडू नको." आई म्हणून मी दिलेलं हे सगळ्यात वाईट उत्तर असेल. ती गप्प बसली. चार दिवस गप्पच होती. जेवायची नाही नीट. पाचव्या दिवशी मी तिला डायलिसिसला बरोबर नेलं आणि डॉक्टर फेरीवर आले तेव्हा म्हटलं, "हिला तुम्हीच सांगा."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. ते वयस्कर, घाईत असलेले गृहस्थ. पण त्या दिवशी बसले. ऋतुजाने त्यांना थेट विचारलं, "सर, सगळ्यांच्या ताटल्या सारख्याच का नाहीत? सारख्या असत्या तर कोणाचीही किडनी कोणालाही चालली असती."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "आणि एकाच साथीत सगळं गावही गेलं असतं."

त्यांनी तिला समजावलं. ताटलीच्या आकारात ज्या जंतूचा नमुना बसतो तोच पहारेकऱ्यांना दिसतो. सगळ्यांची ताटली एकच असती, तर तिच्यात न बसणारा जंतू कोणालाच दिसला नसता. ताटल्या वेगवेगळ्या आहेत म्हणून तो एकाला दिसत नाही पण दुसऱ्याला दिसतो, आणि कोणी ना कोणी वाचतंच.

"पण एवढ्या वेगवेगळ्या आल्या कुठून?"

"चुकांतून. पिढ्यान्‌पिढ्या जीन्सची नक्कल होते, आणि नकलेत कधी तरी एखादं अक्षर बदलतं. बहुतेक बदल बिनकामाचे, काही वाईट. एखादाच असा निघतो की त्या काळात पसरलेला रोग त्याला पकडता येतो. मग ती माणसं जगतात, त्यांना मुलं होतात, आणि तो बदल पुढे जातो. सगळ्यांकडे असलेल्या ताटलीला चुकवायला जंतू शिकतात, म्हणून कधी कधी जी कमी लोकांकडे आहे तीच कामाला येते. असं लाखो वर्षं चाललंय. आज त्या हजारो प्रकारच्या आहेत."

"म्युटेशन आणि नॅचरल सिलेक्शन," ऋतुजा म्हणाली. "आम्हाला धडा आहे."

"धड्यात आईचं नाव नसतं, एवढाच फरक," डॉक्टर म्हणाले.

सुया हातात, मी पडल्या पडल्या ऐकत होते, आणि मला मार्केटमधली एक गोष्ट आठवली. एकदा एका गठ्ठ्यात दुसरा रंग थोडा सरकून छापला गेला होता. प्रत्येक पानाच्या मागे सावली पडल्यासारखी दिसत होती. मी तो सगळा माल चुकीचा म्हणून बाजूला काढला. बाहेरगावच्या एका गिऱ्हाइकाने तो ढीग बघितला आणि म्हणाला, हाच द्या. पुढच्या महिन्यात शेठने तीच चूक मुद्दाम छापून घेतली आणि दोन हंगाम चालवली. त्याच्या आधी आणि नंतर मी शेकडो चुका बाहेर काढल्या असतील, त्या कोणाला नको होत्या. कोणती चूक चालेल हे छापणाऱ्याला माहीत नसतं आणि मलाही नव्हतं. ते मी ऋतुजाला सांगितलं. तिला डॉक्टरांपेक्षा ते जास्त पटलं असावं. ती पहिल्यांदा हसली.

आईला हे सगळं सांगितलं तेव्हा तिने चौऱ्याण्णव सालच्या प्लेगची आठवण काढली. सुरतमधून माणसं मिळेल त्या गाडीने गावाकडे पळत होती, ते मला आठवतं; आम्हालाही गावी धाडलं होतं. वडील तेव्हा कारखान्यातल्या माणसांबरोबर एका खोलीत होते. त्यांच्या शेजारी झोपणारा माणूस तापाने दोन दिवसांत गेला. "एकज खोली, एकज माठ," आई म्हणाली. "तो गया, आन तुना बापले शिंकबी उनी नही." तुझ्या बापाला शिंकसुद्धा आली नाही. मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "दुसरी दहा कारणं असू शकतात, बेन. पण हेही एक असू शकतं."

डॉक्टरांनी समजावलं त्या दिवशी डायलिसिसहून घरी जाताना मी ऋतुजाला म्हटलं, "माझ्या अंगाने तुमच्यात पप्पांची खूण बघितली, तरी तुम्हाला नऊ महिने काही केलं नाही. मग चूक कोणाची म्हणायची?"

तिने विचार केला. "मग आता पप्पांची किडनी का नाही चालत? तेव्हा अख्खे आम्ही चाललो."

"ते मला नाही सांगता येणार. तू शिक आणि मला सांग."

तिने माझा हात धरला. पुरपुरणाऱ्या नसेवरच तिचा अंगठा होता.

एक क्षण

भास्करांचं मात्र काही सुटत नव्हतं. गल्लीत कोणीतरी म्हणालं होतं, बायकोला नवऱ्याचं रक्तच बाधतं म्हणजे काहीतरी दोष असणार. ते मला कळलं नंतर. पण त्यांना खात होतं ते वेगळंच.

एका सकाळी मला दवाखान्याच्या दारात उतरवून ते निघाले नाहीत. रिक्षा बाजूला लावून आले आणि म्हणाले, "ऐक. डॉक्टर म्हणाले ना, पॉझिटिव्ह म्हणजे नाही, तेव्हा मला आधी सुटल्यासारखं वाटलं. एकच क्षण. पण वाटलं."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"मी अडीच महिने घाबरत होतो. मग हिंमत केली. आणि हिंमत केली ती पण फुकट गेली, आणि वर मला बरं वाटलं. मी कसला माणूस आहे?"

माझी वेळ झाली होती, सिस्टर हाक मारत होत्या. मी त्यांना तिथेच सांगितलं, "मलाही वाटलं होतं. दोघं एकाच दिवशी टेबलावर, आणि घरी मुलं. आपल्याला काही झालं असतं तर? मलाही एक क्षण बरं वाटलं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग रुमालाने तोंड पुसलं आणि म्हणाले, "जा आत. दोन वाजता येतो." त्या दिवसापासून आमचं मोकळं बोलणं परत सुरू झालं. माझ्या आजारपणातलं खरं वळण कोणतं असं कोणी विचारलं तर मी ऑपरेशन सांगणार नाही, हे सांगेन.

ताई

मी आणि ताई दिसायला इतक्या सारख्या की लग्नकार्यात लोक तिला माझ्या नावाने आणि मला तिच्या नावाने हाक मारतात. आवाजही एक. त्यामुळे तिची तपासणी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिचं तर सगळंच जुळणार.

रक्तगट जुळला, पण ताटल्यांच्या रिपोर्टमध्ये काहीच जुळलं नाही. शून्य.

डॉक्टरांनी सांगितलं, आईकडे ताटल्यांचे दोन संच, बापाकडे दोन. प्रत्येक मुलाला दोघांकडून एकेक मिळतो. मला जे दोन मिळाले, ताईला नेमके उरलेले दोन. चारात एकदा असं होतं. एकाच आईच्या पोटच्या, तोंडावळा एक, आणि या जागी आम्ही रस्त्यावरच्या दोन अनोळखी बायकांइतक्या परक्या.

ताई हे ऐकून खचली. पण क्रॉसमॅच निगेटिव्ह आली होती. भास्करांनी डॉक्टरांना तीनदा विचारलं, "निगेटिव्ह म्हणजे चांगलं ना? नक्की?" पेढे कोणी आणले नाहीत.

माझ्या रक्ताने ताईच्या ताटल्या कधी बघितल्याच नव्हत्या. ज्या माणसाबरोबर वीस वर्षं संसार केला तो रक्ताच्या ओळखीचा, म्हणून चालला नाही. ताईची ओळख नव्हती, म्हणून ती चालणार होती. औषधं जास्त लागतील, धोकाही थोडा जास्त, पण करता येईल, असं डॉक्टर म्हणाले.

आता प्रश्न भाऊजींचा. एका रविवारी ते स्वतः घरी आले. पाणी प्यायले. मग मला म्हणाले, "मी ‘नाही’ असं कधी म्हटलं नाही, सविता. पण ‘हो’ म्हणायला तोंड उघडत नव्हतं. हिला काही झालं तर मी काय करू, तेवढंच डोक्यात." पुढे म्हणाले, "गळीत हंगाम संपू दे. मग मला सुट्टी मिळेल. हिच्याकडे बघायला घरात माणूस पाहिजे, नाहीतर ही चौथ्या दिवशी हंडे उचलेल."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर ते उठून बाहेरच गेले.

किडनी देण्याआधी एका समितीसमोर बोलावतात. ताईला एका साहेबांनी विचारलं, कोणी जबरदस्ती केली आहे का? ताई म्हणाली, "साहेब, लहानपणी मी हिला नळाच्या रांगेत माझा नंबर दिला नाही कधी. माझ्या मनात नसतं तर किडनी दिली असती का?" साहेब हसले आणि त्यांनी लिहून घेतलं.

अकरावा दिवस

ऑपरेशनबद्दल मला फारसं सांगता येणार नाही. जाग आली तेव्हा सिस्टर लघवीची पिशवी उचलून मला दाखवत होती. दीड वर्षाने भरलेली पिशवी. मी आणि ती सिस्टर, दोघी त्या पिशवीकडे बघून हसत होतो. मग मला ग्लासभर पाणी दिलं. अख्खा ग्लास. ते मी तोंडात धरून धरून प्यायले.

अकराव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट बिघडला. लघवी कमी झाली. सुई घालून किडनीचा तुकडा तपासला. माझ्या पहारेकऱ्यांना पत्ता लागला होता. ताई तोवर घरी गेली होती, पोटाला टाके, कुशीवर वळता येत नव्हतं. तिने एवढं करून दिलेली किडनी माझं अंग फेकून देत होतं, आणि ते तिला कोणत्या तोंडाने सांगायचं? भास्करांनी फोन लावून माझ्या कानाला धरला. मी काही बोलायच्या आत रडायला लागले.

"रडू नको वं," ताई म्हणाली. "रडीसन काय व्हनार शे? डॉक्टर सांगस ते कर." मग म्हणाली, तुझा स्वभावच तसा आहे, नवी वस्तू आली की आठ दिवस नाक मुरडतेस.

तीन दिवस मोठी इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी रिपोर्टचा आकडा थोडा उतरला, आठवड्याने बराच उतरला. त्या तीन दिवसांत मी माझ्या पहारेकऱ्यांवर फार चिडले होते. नंतर राग गेला. ज्या बायका-पुरुषांमुळे मी जन्माला आले, ते कुठल्या कुठल्या साथींतून याच पहाऱ्यामुळे वाचले असणार. त्याला काय माहीत की ही किडनी ताईची आहे? त्याला एवढंच कळतं, की हे घरचं नाही.

आता

दोन वर्षं होत आली. सकाळी आठ आणि रात्री आठ, गोळ्या. एक मिनिट इकडे तिकडे होऊ द्यायचं नाही. त्या गोळ्या पहारा ढिला ठेवतात, म्हणून साधा सर्दी-ताप मला महागात पडतो. मास्क लावते. मार्केटची गर्दी आणि धूळ चालत नाही, म्हणून ते काम सुटलं. त्याचं वाईट वाटतं. घरी ब्लाउज शिवते. ऋतुजा कॉलेजला मायक्रोबायोलॉजी शिकते आणि माझ्या औषधांची नावं माझ्यापेक्षा नीट उच्चारते.

नव्याने आजार कळलेल्यांना मी एवढंच सांगेन. जुळलं नाही तर माणसात दोष शोधू नका. नवऱ्यात नाही, बायकोत नाही, मुलांत तर अजिबात नाही. आणि घरात जो गप्प बसलाय त्याला लगेच वाईट ठरवू नका. कधी कधी तो फक्त घाबरलेला असतो.

ताई बरी आहे. जड उचलत नाही, असं ती सांगते. भाऊजी वेगळं सांगतात. दर रविवारी सकाळी चलथाणहून तिचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. पहिला प्रश्न, "कशी शे ती?"

ती म्हणजे किडनी. मी रिपोर्टचा आकडा सांगते. ताई तो आकडा मोठ्याने भाऊजींना सांगते. मग विचारते, "आनि तू?"

गेल्या रविवारी मी म्हटलं, "ती बी बरी शे, मी बी बरी शे."

"मंग ठेव फोन," ताई म्हणाली. "मना भात लागी जाई."